आवाजाचा थोडा प्रश्न

नानांचं नाव निघालं की आमच्या जळगावच्या एमआयडीसीत अजूनही लोक हात जोडतात. मीही जोडते, फक्त कोपरापासून.

नाना म्हणजे आमच्या चटईच्या कारखान्यातले जुने पर्सोनेल ऑफिसर. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नातवंडं खेळवतात. हे गृहस्थ कुठलंसं मध्यस्थीचं शिबिर करून आले, सर्टिफिकेटला चौकट केली आणि पिंप्राळ्यातल्या घरावर पाटी ठोकली : ‘व्यापारी, कारखानदार व नोकरदारांचे वाद मिटवून मिळतील.’ शेजारच्या गिरणीवर पाटी होती, ‘दळण दळून मिळेल.’ मला दोन्ही धंदे एकाच जातीचे वाटायचे. कुणी काहीही घेऊन या, जाताना पीठ घेऊन जा.

आता मध्यस्थी ही गोष्टच वाईट, असं मी म्हणत नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता भागीदार म्हातारे झालेले मी पाहिलेत. मालक आणि कामगार एकत्र बसले, मधल्या शहाण्या माणसानं दोघांना एकमेकांचं ऐकायला लावलं, तर सोन्याहून पिवळं. पण त्याला मधला माणूस शहाणा लागतो. शहाणा नसला तर निदान त्याला ऐकायला तरी यावं लागतं. इथंच सगळी बोंब होती.

नानांना मध्याचं वेड होतं. उरल्यासुरल्या केसांचा भांगही बरोबर मधोमध. बैठकीत दोन पार्ट्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एक जराशी उंच निघाली म्हणून नानांनी तिचे पाय करवतीनं कापले. मग ती बुटकी झाली. मग दुसरीचे कापले. असं करता करता खुर्च्या इतक्या खाली आल्या की मोठमोठे शेठलोक त्यांच्याकडे गुडघे छातीशी घेऊन बसायचे. वाद मिटला की नाना एक केळं मधोमध मोडायचे आणि दोघांना अर्धं अर्धं द्यायचे. अहो, जळगाव जिल्ह्यात! जिथं पाहुणा निघाला की गाडीत घड टाकतात, तिथं अर्धं केळं! त्या अर्ध्या केळ्यावरून नवीन वाद कसा पेटत नव्हता, याचंच मला नवल वाटायचं.

“ताई,” ते मला म्हणायचे, “चूक कुणाचीच नसते. गैरसमज मात्र सगळ्यांचा असतो.”

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नोकरीत असताना एकदा शिपायानं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला, तेव्हा आता काय म्हणतात ते बघायला मी मुद्दाम दारात थांबले. “गाढवा, डोळे फुटले का?” म्हणाले. म्हणजे गैरसमज फक्त दुसऱ्याच्या शर्टावर सांडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्याच कारखान्यात अकाउंट्सला होते, आजही आहे. नानांच्या न्यायाचा पहिला प्रसाद मलाच मिळाला. मी आणि कॅशियर एका खोलीत, आणि दोघांत टेबलफॅन एकच, तोही मान मोडलेला. इकडे वळवला की तिकडे घाम, तिकडे वळवला की इकडे. मे महिन्यातलं जळगाव ज्यानं सोसलंय, त्याला पंख्यावरून माणसं हमरीतुमरीवर का येतात हे सांगायला नको. नाना आले. आधी माझं ऐकलं, मग कॅशियरचं, मग डोळे मिटून बसले. आणि उठून पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला. “भिंतीवर आपटून वारा दोघांकडे सारखा येईल,” म्हणाले. कसला येतोय? अख्खा उन्हाळा ती भिंत तेवढी गार राहिली. पण आमचं भांडण मिटलं हे खरं, कारण दोघंही मिळून नानांना शिव्या द्यायला लागलो.

भुसावळच्या दोन भावांची गोष्ट तर ते स्वतःच अभिमानानं सांगत. कापडाचं दुकान दोघांचं, पाटी नवी करायची, आणि आधी नाव कुणाचं यावरून दोघं इरेला पेटलेले. नानांचा तोडगा : पाटीवर नावच नको. झकास रंगवलेली कोरी पाटी लागली. ऐन दिवाळीत गिऱ्हाईक ती कोरी पाटी बघायचं, दुकान उठलं म्हणायचं आणि पुढच्या दुकानात शिरायचं. “पण भांडण मिटलं की नाही?” नाना विचारायचे. मिटलं ना. दुकानासकट मिटलं.

त्यांची पद्धत अशी, की एक पार्टी बैठकीत बसवायची, दुसरी स्वयंपाकघरात. तापलेल्या माणसांना थोडा वेळ वेगळं बसवावं, हे शिबिरात शिकवलं होतं म्हणे, आणि त्यात चूक काही नाही. पण मधल्या बोळकांडीतून निरोप घेऊन नाना एकटेच ये-जा करत, आणि निरोप जसा दिला तसा कधी पोचतच नसे. “शब्द धुऊन पोचवायचे असतात, ताई,” म्हणायचे. डाळमिलचा एक भागीदार बैठकीत ओरडला, “त्या नालायकाचं तोंड बघायचं नाही मला!” नाना स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, “ते आपल्याला भेटायला जरा संकोचताहेत.” हे मी या कानांनी ऐकलंय. करारनामे लिहायला नाना मलाच बोलवायचे ना!

आणि स्वयंपाकघरात असत अक्का. नानांची बायको. आता गंमत ऐका. सगळ्या जिल्ह्याला बोलतं करायला निघालेल्या या माणसाशी त्याची बायकोच बोलत नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही, स्वयंपाकपाणी सगळं वेळेवर. फक्त बोलणं समोर जो कोणी असेल त्याच्या मार्फत. “त्यांना सांग, पोहे गार होताहेत.” की नाना माझ्याकडे बघून म्हणणार, “यांना सांगा, आलोच.” मधल्या मध्ये मी. घरात तिसरं माणूस नसलं की काय करता, असं मी एकदा अक्कांना विचारलं.

“मांजराला सांगते,” त्या म्हणाल्या. “ते निरोप बदलत नाही.”

आता सिंधुबाईचं सांगते.

सिंधुबाई धुळ्याकडची, लग्न होऊन जळगावात आलेली, आमच्या लूमवर सगळ्यांत जुनी बाई. चटईच्या लूमपाशी बायकांना गळ्यात-हातात काही घालून उभं राहता येत नाही, मशीन कधी ओढून घेईल नेम नाही. म्हणून पाळीवर आलं की प्रत्येकीनं आपली पोत, बांगड्या काढायच्या आणि सिंधुबाईच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, अशी रीत पडून गेलेली. डब्याला कुलूप नाही. कधी कुणाचा एक मणी इकडचा तिकडे झाला नाही. नवीन पोरगी लागली की तिला मशीन दाखवायच्या आधी हा डबा दाखवायचे.

आमच्या मालकांचा, म्हणजे शेठजींचा भाचा तिथं सुपरवायझर. त्याला आम्ही भाचेसाहेब म्हणतो, त्याच्या मागे. एक दिवस भाचेसाहेबांचा मोबाइल सापडेना. रिंग वाजली तर ऐकू यावी म्हणून त्यानं सगळे लूम बंद करायला लावले. सगळीकडे चिडीचूप. रिंग काही वाजली नाही. त्या सकाळी सिंधुबाई रजेचा अर्ज द्यायला त्याच्या केबिनमध्ये जाऊन आली होती, तेवढंच. त्यानं तिची पिशवी सगळ्यांसमोर जमिनीवर पालथी केली. भाकरी, चटणी, रुमाल, सगळं. मोबाइल निघाला नाही तरी म्हणाला, “हीच चोर आहे. बाहेर पोचवला असेल.” मशिनी बंद, त्यामुळे शेवटच्या कोपऱ्यातल्या हमालापर्यंत शब्द न् शब्द गेला.

दुसऱ्या दिवशी बायका पाळीवर आल्या आणि प्रत्येकीनं आपली पोत पदराच्या टोकाला बांधली. डबा रिकामा. सिंधुबाईनं तो रिकामा डबा उचलला, लूम सोडला आणि गेटबाहेर लिंबाखाली जाऊन बसली.

मोबाइल कुठं होता? भाचेसाहेबांच्याच गाडीत, सीटखाली, आवाज बंद करून ठेवलेला. सापडल्यावर पठ्ठ्या त्याच मोबाइलवर बोलत शेडमधून फिरला. कुणाला एक शब्द नाही! मला इतका संताप आला की विचारू नका. बायकांनीही बघितलं. मग एकेक करून त्याही उठल्या आणि सिंधुबाईशेजारी जाऊन बसल्या. लाजेनं असेल. अर्धे लूम उभे, बाहेरदेशी जायची ऑर्डर डोक्यावर. शेठजी म्हणाले, “मॅडम, नानांना फोन लावा. मिटवून टाकतील.”

तर बैठकीत शेठजी आणि भाचेसाहेब, गुडघे छातीशी घेऊन. स्वयंपाकघरात पाटावर सिंधुबाई, मांडीवर तो डबा. अक्का मेथी निवडत बसलेल्या. मी बोळकांडीत स्टुलावर, कागद-पेन घेऊन. तिथून दोन्हीकडचं नीट ऐकू यायचं, ही त्या जागेची खुबी.

बैठकीत भाचेसाहेब म्हणाले, “एवढं काय आभाळ कोसळलं? जाऊ दे ना मामा, एक साडी देऊन टाकू.” नाना आत जाऊन म्हणाले, “भाचेसाहेबांना मनापासून वाईट वाटतंय. तुमचा साडीचोळी देऊन सन्मान करायचं म्हणताहेत.”

“माले साडी नही जोयजे,” सिंधुबाई म्हणाली. “मी चोर नही शे, इतलंच त्यानी सांगाले जोयजे. बठ्ठास्ना समोर.”

म्हणजे साडी नको. मी चोर नाही एवढंच त्यानं सगळ्यांसमोर सांगावं. ऐकायला इतकं सोपं. पण नानांना सोपं चालत नसे. ते बाहेर, आत, बाहेर, आत. ते बाहेर गेलेले बघून अक्का मेथीची काडी मोडत सिंधुबाईला म्हणाल्या, “माझं तरी काय निराळं झालं? धाकट्या दिराच्या लग्नात तुपाचा डबा दिसेना. जाऊबाईनं भर पंगतीत माझं नाव घेतलं. डबा निघाला तिच्याच माहेरच्या सामानात. तेव्हा हे उठले. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. बोलले. ‘गैरसमज झाला, दोघींचाही.’ दोघींचाही! माझा कसला गं गैरसमज? त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलणं सोडलं.”

मी पेनाचं टोपण उगीच उघडत-मिटत बसले.

तेवढ्यात नाना बोळकांडीत आले, हात चोळत. चेहरा नुसता उजळलेला. “सुवर्णमध्य सापडला, ताई! भाचेसाहेब उद्या सकाळी तिच्या लूमपाशी जाऊन, सगळ्या बायकांसमोर, ती चोर नाही असं म्हणतील. पण उत्पादन बुडू नये म्हणून मशिनी चालू राहतील.”

“अहो नाना, लूम चालू असताना शेजारणीची शिंक ऐकू येत नाही.”

“पण म्हटलेलं तर असेल ना?” नाना म्हणाले. “त्यांचा मान राहिला, हिचं काम झालं.”

पंखा परत भिंतीकडे फिरला होता. नानांनी आत जाऊन तो सुवर्णमध्य सिंधुबाईपुढे ठेवला. तिनं डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, “चोर म्हनं तवय मशिनी बंद व्हत्यात. चोर नही म्हनानं तवयबी बंदच जोयजे. हाई जशी सांगस तशीच सांगा, नाना. आपल्या मनचं टाकू नका.”

चोर म्हटलं तेव्हा मशिनी बंद होत्या, चोर नाही म्हणायचं तेव्हाही बंदच पाहिजेत. आणि मी सांगते तसंच सांगा. नानांना खानदेशी समजत नव्हती असं नाही, जन्म इथलाच. मान डोलावली, चार पावलं चालले आणि बैठकीत जाऊन म्हणाले, “बाईंचं सगळं मान्य आहे. फक्त आवाजाचा थोडा प्रश्न आहे.”

“आवाजाचा?” शेठजी म्हणाले. “बस, इतनाच? कानात घालायचे बोळे देऊ ना सगळ्या बायकांना. लिहा मॅडम.”

मी कपाळावर हात मारला. नाना लगबगीनं आत. “शेठजींनी मोठ्या मनानं सगळ्यांना कानातले बोळे मंजूर केले!”

सिंधुबाईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं पाट मागे सारला. डबा काखेत घेतला, चप्पल शोधायला लागली. ती आता त्या दारातून बाहेर पडली असती, तर जन्मभर चोर म्हणूनच राहिली असती. बायका दोन दिवसांनी कामावर परतल्या असत्या, पोटापुढं कुणाचं काय चालतं? आणि डबा रिकामाच राहिला असता. मी उठणार, एवढ्यात अक्का उठल्या.

त्यांनी चहाचा ट्रे उचलला. बोळकांडीतून, माझ्यावरून, नानांवरून, सरळ बैठकीत गेल्या. ट्रे ठेवला आणि शेठजींसमोर उभ्या राहून खणखणीत म्हणाल्या, “ती म्हणते, ‘चोर म्हनं तवय मशिनी बंद व्हत्यात. चोर नही म्हनानं तवयबी बंदच जोयजे.’ असं म्हणते.” एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

शेठजींचा हात कपाकडे जाता जाता थांबला. नाना मागून धावत आले. “म्हणजे शेठजी, त्यांना असं म्हणायचंय की—”

“तुम्ही गप बसा!” अक्का म्हणाल्या.

नानांना म्हणाल्या. थेट. तोंडावर. मांजराकडे नाही, माझ्याकडे नाही. नाना तसेच तोंड उघडं टाकून उभे राहिले.

शेठजी काही वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना आजवर कुणी वाक्य धडपणे पोचवलं नव्हतं. त्यांनी भाच्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात सिंधुबाई उभी होती.

“सगळ्या मशिनी बंद? किती वेळ, बाई?”

“चोर म्हनाले जितला येळ लागना, तितलाच,” ती म्हणाली.

चोर म्हणायला लागला तेवढाच वेळ. शेठजींनी मान हलवली. भाचेसाहेब “मामा, पण” करायला लागले तर त्यांनी नुसता हात वर केला. नाना मला सांगत होते, “लिहा ताई, गैरसमजातून झालेल्या...” मी लिहिलं, ‘मशिनी बंद करून’. नानांनी सवयीनं केळं मोडलं. कुणी घेतलं नाही. दोन्ही अर्धी त्यांनीच खाल्ली.

निघताना नाना दारापर्यंत आले. चेहऱ्यावर एक वेगळीच घालमेल. हळूच म्हणाले, “ताई, यांना विचारा, मघाशी या माझ्याशी बोलल्या का?”

मी आत तोंड करून विचारलं. अक्का मेथी धूत होत्या.

“त्यांना सांग,” अक्का म्हणाल्या, “गैरसमज झाला असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी भरली आणि सगळे लूम बंद केले. मी ऑफिस सोडून शेडमध्ये गेले, कोण मला अडवतंय बघू म्हटलं. भाचेसाहेब सिंधुबाईच्या लूमपाशी येऊन जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले. मागून एक म्हातारी ओरडली, “ऐकू नही वनं, भाऊ!”

“सिंधुबाई चोर नाहीत,” भाचेसाहेब मोठ्यानं म्हणाले. “माझी चूक झाली.”

चूक! बघा, मेला नाही माणूस तो शब्द उच्चारून. चांगला धडधाकट उभा होता. मघाची म्हातारी पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि आपली पोत सिंधुबाईच्या डब्यात टाकली. टण्णकन वाजलं. मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी तो आवाज सगळ्या शेडला ऐकू जात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

आणि एवढं सगळं छान झाल्यावर बोलायला उभे कोण राहावे? नाना! कडक इस्त्रीचा सफारी घालून आले होते. एक रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर चढले, दोन्ही हात दोन्हीकडे सारखे पसरले. “बंधूंनो आणि भगिनींनो, झाला तो केवळ गैर—”

सिंधुबाईनं डब्याचं झाकण लावलं आणि बटण दाबलं. तिचा लूम सुरू झाला, पाठोपाठ शेजारचा, मग ओळच्या ओळ. शेड दणाणून गेली. खोक्यावर नानांचं तोंड उघडत-मिटत होतं, हात डावीकडे जाई, मग बरोबर तेवढाच उजवीकडे. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. गृहस्थ भाषण पुरं करूनच उतरला.

गेटपाशी मला गाठलं. घाम पुसत, मोठ्या आशेनं विचारलं, “ताई, माझं बोलणं पोचलं ना सगळ्यांपर्यंत?”

“नाही नाना,” मी म्हटलं. “आवाजाचा थोडा प्रश्न होता.”